सिग्नल दिसला नाही तर

२४ ऑगस्ट, रविवार

कॉम्प्युटर गॅलरीतून खाली फेकून द्यावासा वाटला आज. खरंच.

दुपारभर बसून तो रेल्वेचा गेम कॉम्प्युटरवर टाकला एकदाचा. सिकंदराबाद ते मनमाड, आख्खी लाईन! कुणा हौशी माणसाने बनवलीय आणि फुकट वाटलीय. कामारेड्डी, निजामाबाद, बासरचा गोदावरीवरचा पूल, नांदेड, पूर्णा — पप्पांनी ज्या रुळांवर उभा जन्म काढला तीच. पप्पांना खुर्चीसकट ओढत टेबलासमोर आणलं. डावा हात कीबोर्डवर ठेवून दिला. उजवा मांडीवर पडलेलाच असतो. म्हटलं, "पप्पा, चला. मेडचल सुटलं."

गाडी चाललीच नाही. एक चित्र, मग थांबून दुसरं चित्र. झाडांच्या जागी हिरवे ठोकळे. सिग्नल डोक्यावर आल्यावर दिसायचा, आणि दिसला की गेलाच मागे. पप्पांनी असे दोन-तीन सिग्नल पाहिले आणि मान भिंतीकडे फिरवली. जन्मभर इंजिन चालवलेला माणूस. सिग्नल न दिसता गाडी पळते हे बघवलं नसेल.

किंवा कंटाळले असतील. मला काय कळतंय! ते सांगतील तेव्हा कळणार.

२५ ऑगस्ट, सोमवार

पप्पांकडे एकच शब्द उरलाय — "हो."

मागच्या पावसाळ्यात स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. शब्द सगळे गेले, हा एक राहिला. चहा पाहिजे? हो. नको? हो. दुखतंय? हो. नाही दुखत? हो. सुरुवातीला आम्ही खूश झालो होतो, निदान हो तरी म्हणतात म्हणून. मग हळूहळू लक्षात आलं.

आज पुण्याहून संघाचा फोन. धाकटा भाऊ माझा, संघपाल. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि घरातही तसाच बोलतो. फोन स्पीकरवर ठेवायला लावला. "पप्पा, आमच्याकडे येता ना पुण्याला? कायमचे?"

"हो."

"बघ ताई! स्वतः म्हणाले."

त्याचं सगळं ठरलंय. सिकंदराबादचा, तारनाक्याचा हा फ्लॅट विकायचा. गिऱ्हाईकही बघून ठेवलंय. दसऱ्याला तो येणार, कागदांवर पप्पांचा अंगठा घेणार, दिवाळीला आई-पप्पा पुण्यात. मी म्हटलं, अरे ते सगळ्यालाच हो म्हणतात. तर म्हणे, "ताई, तू त्यांच्या वतीनं बोलू नकोस."

फोन ठेवल्यावर पप्पांसमोर बसले. "पप्पा, तुम्ही बाई आहात?" हो. "मी तुमची सासू?" हो. "आपण आत्ता चंद्रावर आहोत?" हो. आई आतून ओरडली, "काय तमाशा लावलीस बाई म्हाताऱ्याचा!" हसू आलं. मग रडू आलं. मग भात करपला.

खरं लिहायचं तर पप्पांना काय हवंय ते मलाही माहीत नाही. जायचंही असेल. नातू आहे तिकडे. आणि ते गेले तर मी कुठे जाणार हा माझा स्वार्थ आहेच — नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून हीच खोली माझी. पण त्यांचं त्यांनी सांगावं! एकदा. कुठल्या का बाजूनं असेना. तोंडात नुसता "हो" ठेवून माणसाचं घर विकायचं म्हणजे काय?

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. समोरच्या मंडपात सकाळपासून तेलुगू गाणी, खिडकीच्या काचा थरथरतात.

गेमचं डोक्यातून जात नाही. मागे एकदा पप्पांना फोनवर इंजिनातून काढलेला व्हिडिओ दाखवला होता. रूळ, सिग्नल, सगळं. तेव्हा त्यांचे ओठ हलले होते! आवाज नाही, पण हलले. आणि डावा हात पुढे गेला, ब्रेक दाबायला. व्हिडिओतला ड्रायव्हर चालला होता आपल्या वेगात. हे दाबतायत, गाडी थांबेना. शेवटी फोनच भिरकावला. व्हिडिओतली गाडी ह्यांचं कशाला ऐकेल? गेममधली ऐकते. म्हणून हा सगळा उपद्व्याप.

संघाला विचारलं. कॉम्प्युटर त्याचाच, इंजिनिअरिंगच्या वेळचा. हसला. "ताई, त्यातलं ग्राफिक्स कार्ड मी शिकत असताना घेतलेलं, तेसुद्धा कुणाचं तरी वापरलेलं. पडद्यावरचं चित्र ते कार्ड काढतं. नवीन गेम त्याला नाही झेपणार, ते बदलावं लागेल. पण कशाला? सगळं पॅकच करायचंय आता."

कशाला ते सांगितलं नाही. अजून हसला असता.

३० ऑगस्ट, शनिवार

मी विद्यानगरच्या एका कॉलेजात, ऑफिसला. फिया आणि हॉलतिकिटं. आज दुपारीच सुटून पार्कलेनला गेले, कॉम्प्युटरच्या बाजारात. सगळीकडे लाल-निळे दिवे लुकलुकणारे डबे. एका दुकानदाराने विचारलं, "बेटे के वास्ते होना क्या आंटी?"

म्हटलं, "बाप के वास्ते."

त्याला वाटलं मी थट्टा करते.

आमच्या मशीनची माहिती कागदावर उतरवून नेली होती. वाचून त्याने तोंड वाकडं केलं. "मशीन बुड्ढी है आंटी. इसमें कित्ता भी डालो, अब पैले जैसा नै होता. नक्को पैसे डालो, नवीच लेलो."

वर्षभर सगळे डॉक्टर मला हेच सांगतायत. फक्त मशीनबद्दल नाही.

शेवटी कपाटातून त्याने एक वापरलेलं कार्ड काढलं, बाहीने पुसलं. "ये चलता. मगर गॅरंटी नक्को पूछो." ऑटोत मांडीवर घेऊन आले, तान्हं मूल घेऊन बसतात तशी. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायचं.

३१ ऑगस्ट, रविवार

बसत नाही!!

कार्ड लांब आहे. डब्याच्या आत हार्ड डिस्क ठेवायचा पत्र्याचा खण आहे, त्याला जाऊन टेकतं. बोटभर जागा कमी. जुनं कार्ड उपसताना मनगट खरचटलं ते वेगळंच. आत इतकी धूळ की शिंकून शिंकून जीव गेला.

आई दारात उभी. "काय करायलीस ते उघडून? करंट लागंल."

"प्लग काढलाय."

"मग बंद पडलंय का?"

"नाही."

"बंद पडलं नाही तर उघडायलीस कशाला!"

पप्पा पलंगावरून बघत होते. कार्ड दाखवून विचारलं, "पप्पा, बसेल का हो हे?"

"हो."

अजिबात बसलं नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

ऑफिसातून आल्यावर खणाचे स्क्रू काढले आणि आख्खा खणच बाहेर काढला. हार्ड डिस्क आता तळाला, भांडी घासायच्या कोऱ्या स्पंजावर विराजमान. कार्ड बसलं. खट् झालं. काय बरं वाटलं त्या आवाजाने!

ते बरं वाटणं जेमतेम चहा होईपर्यंत टिकलं. ह्या कार्डाला वरून वेगळी वीज द्यावी लागते, तिची वेगळी वायर असते. आमच्या जुन्या पॉवर सप्लायला तसली वायरच नाही. म्हणजे आता तोही बदला. एक सांधावं तर तेरा तुटतात.

६ सप्टेंबर, शनिवार

आज विसर्जन. रस्ते बंद, ढोल चालू, जायचं कुठे? नवा पॉवर सप्लाय कालच आणून ठेवला होता. सकाळपासून तेच. सगळ्या वायरी जागच्या जागी लावल्या. पडद्याची निळ्या टोकाची जुनी वायर बसेना, शेवटी जिथे बसली तिथे लावली. बटण दाबलं.

पंखे फिरले! कार्डाचे दोन्ही पंखे! आईसुद्धा म्हणाली, "फिरायलंय की!"

पडदा काळा. मधोमध एक चौकट, हळूहळू इकडून तिकडे सरकणारी. 'नो सिग्नल'.

नो सिग्नल! लोको पायलट किशनरावांच्या घरात! बंद केलं, चालू केलं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तेच. पप्पा खुर्चीत बसून त्या चौकटीकडे टक लावून बघत होते. वाचता येतं का त्यांना अजून? कोण जाणे.

लहानपणी त्यांनी आमच्याकडून घोकून घेतलेला नियम आठवला. सिग्नल विझलेला असेल, धुक्यात हरवला असेल, जिथे असायला हवा तिथे दिसलाच नाही — तर तो रेड समजायचा आणि थांबायचं. अंदाजाने पुढे जायचं नाही. गाडीला उशीर झाला तरी नाही, मागून साहेब ओरडला तरी नाही.

बंद करून टाकलं.

७ सप्टेंबर, रविवार

संघाशी भांडण. गिऱ्हाईक घाई करतंय म्हणे. मी म्हटलं थांब जरा. तर म्हणाला, "पप्पा नाही तर म्हणत नाहीयेत ना?"

"अरे, पप्पांकडून सिग्नलच येत नाहीये! मग तो रेड समजायचा. ग्रीन नाही!"

"ताई, ते घर आहे. स्टेशन नाही."

मग बोलायला लागला आणि मला थांबवता येईना. तू ऑफिसला गेल्यावर दिवसभर त्यांच्याजवळ कोण असतं? आई. तिचे गुडघे कसे आहेत? बाथरूममध्ये पडले तेव्हा कुणी उचललं? शेजाऱ्यांना बोलवावं लागलं ना? "मला काय हौस आहे का घर विकायची?" शेवटी त्याचा आवाज फुटला. खरं होतं सगळं.

आई जोंधळे निवडत ऐकत होती. "त्यांना इचारा, त्यांना इचारा म्हणायलेत दोघंबी. मला कुणी इचारलं नाही आजून."

"तुला जायचंय का, आई?"

"हे जातील तिथं." आणि थोड्या वेळाने, "पण ह्यांचं मन मला बी कळंना आता. पहिले कळायचं."

९ सप्टेंबर, मंगळवार

नो सिग्नल.

१३ सप्टेंबर, शनिवार

आख्खा डबा ऑटोत घालून पार्कलेन. दुकानदाराने त्याच्या पडद्याला जोडला. लख्ख चित्र!

"कार्ड तो फस्क्लास है आंटी. घर पे वायर कहाँ लगाए थे?"

दाखवलं. जुनी निळ्या टोकाची वायर नव्या कार्डात बसतच नाही. म्हणून मी ती डब्याच्या दुसऱ्याच भोकात खुपसली होती. कार्ड बिचारं आत चित्र काढत बसलं होतं आणि माझी वायर भलतीकडे!

"जहाँ बैठी वहाँ लगाए तो कैसा चलता आंटी!" तो आणि शेजारचा, दोघंही हसले. मग बोटाएवढा एक जोड दिला, त्याने निळी वायर कार्डाला लागते. आठवडाभर मी त्या काळ्या पडद्यासमोर कपाळ आपटत होते, ते ह्या बोटाएवढ्या तुकड्यासाठी. लाज वाटली. रागही आला. कुणावर ते ठरवता आलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

चालला!

शेतं, ढग, तारांवर बसलेले पक्षीसुद्धा. बासरचा पूल आला तर खाली पाणी हलत होतं. आणि सिग्नल! कुठल्या कुठे लांबवर असतो तेव्हाच दिसायला लागतो, बारीक टिकलीएवढा, मग मोठा होत जातो. मी लहान मुलीसारखी टाळ्या वाजवल्या.

पप्पांच्या डावीकडे बसले होते, नेहमीसारखी. स्पीच थेरपीच्या भाग्यलक्ष्मी मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, "अच्छे हाथ की साइड बैठना जी, उधर से उनकू समझता." त्यांचं बोट धरून बटण दाखवलं, गाडी चालवायचं, थांबवायचं. ते दाबत होते. नीट दाबत होते! निजामाबादला गाडी प्लॅटफॉर्मवर अशी अलगद लावली की पाण्याचा पेला सांडला नसता.

पण तोंडातून काही नाही. ओठसुद्धा हलले नाहीत. मी किती विचारलं! "पप्पा, हा कुठला सिग्नल? सांगा ना. रंग सांगा."

"हो."

संध्याकाळ झाली तेव्हा बंद केला. त्यांनी काही हट्ट केला नाही. मला वाटतं त्यांनी करायला हवा होता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

भाग्यलक्ष्मी मॅडम म्हणाल्या, आता आठवड्यातून एकदाच येते. मग दारात चपला घालता घालता, हळू आवाजात, "सुमेधाजी, बोलने का जो आना था, पैले छे महीने में आता. अब जित्ता है उत्ताच समझो."

मी मान हलवली. आणि "हो" म्हटलं. माझ्याही तोंडून तेवढंच निघालं.

२१ सप्टेंबर, रविवार

खाली बायकांची बतुकम्मा सुरू झाली, फुलांच्या राशीभोवती फेर धरून गाणी, टाळ्यांचा ताल वरपर्यंत येतो. आणि कॉम्प्युटर मेला.

गाडी धर्माबादच्या पुढे असताना एकदम अंधार. हात लावला तर डबा तव्यासारखा तापलेला. थोड्या वेळाने सुरू झाला, पुन्हा तसंच. संघाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर — "कार्ड तापतंय. जुन्या डब्यात हवा खेळत नाही. सोडून दे ताई."

सोडून देते. पप्पांना ह्यातलं काही नको असेल. मीच खेळत असेन त्यांच्या नावाने.

२४ सप्टेंबर, बुधवार

सोडून दिलं नाही. डब्याच्या बाजूचं झाकण काढलं आणि आईचा टेबलफॅन समोर लावला. वारा थेट आत. आई म्हणाली, "मला उकडू दे, त्या डब्याला वारं घाला!"

बंद पडला नाही. उद्या बघू.

२५ सप्टेंबर, गुरुवार

बोलले!!!

नीट क्रमाने लिहिते.

ऑफिसातून येऊन गेम लावून दिला. टेबलफॅन पप्पांच्या डावीकडे ठेवावा लागला, झाकण त्याच बाजूला उघडतं. म्हणजे माझी जागा गेली. म्हणून स्टूल घेऊन उजवीकडे बसले. माझं पडद्याकडे लक्षही नव्हतं. कॉलेजच्या ग्रुपवरचे मेसेज वाचत होते, गाडी चालली होती तिची ती.

"डिस्टंट... डबल येल्लो."

मला वाटलं गेममधून आवाज आला. वर बघितलंच नाही.

"डबल येल्लो!"

चिडलेला आवाज. जड, अडखळणारा, पण पप्पांचा! वर्षानंतर! पडद्यावर बघितलं — लांबवर स्टेशनाच्या अलीकडचा डिस्टंट सिग्नल, एकाखाली एक दोन पिवळे दिवे. पप्पा समोरच बघत होते आणि थांबले होते. कशाची तरी वाट बघत होते.

आई स्वयंपाकघरातून धावत आली, हात पिठाचे. "अगं परत म्हण ना! बघतीस काय! असिस्टंटनं परत म्हणायचं असतंय!"

"डबल येल्लो!" मी ओरडलेच.

पप्पांनी मान हलवली आणि डाव्या हाताने गाडी हळू केली.

मग एकेक येत गेले, स्टेशनात शिरतानाचा होम, सुटतानाचा स्टार्टर. "होम... येल्लो." "स्टार्टर... रेड." मी प्रत्येक परत म्हटला. आई दाराला टेकून पदर तोंडात धरून रडत होती. तिनेच नंतर सांगितलं. इंजिनात ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि असिस्टंट उजवीकडे. एकाने सिग्नल म्हणायचा, दुसऱ्याने परत म्हणायचा. दोघांची तोंडं जुळल्याशिवाय तो सिग्नल बघितला असं धरत नाहीत. आणि मी वर्षभर त्यांच्या डावीकडे बसून "सांगा ना, सांगा ना" करत होते. डावीकडे त्यांचं कुणी कधी नव्हतंच!

मला कसं आठवलं नाही? आमच्या जुन्या स्कूटरवर तेच तर चालायचं. संघा पुढे उभा, मी मागे. तारनाक्याच्या चौकात पप्पा म्हणायचे "रेड!" आणि आम्ही दोघांनी परत म्हणायचं, "रेड!" ग्रीन झाला की "ग्रीन!" एकजण जरी गप्प राहिला तरी स्कूटर हलायची नाही. मागचे लोक हॉर्न मारून बेजार. संघा मुद्दाम गप्प बसायचा, हसत. पप्पा वाट बघायचे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आजही बोलले. धर्माबाद, उमरी, मुदखेड. संघाला फोन करणार होते. मग म्हटलं मॅडमना आधी दाखवू.

२८ सप्टेंबर, रविवार

भाग्यलक्ष्मी मॅडम सुट्टी असून आल्या. पप्पांशेजारी मी, मागे त्या. पप्पांनी एकही सिग्नल सोडला नाही. मॅडमचे डोळे भरून आले. मग त्यांनी गेम बंद करायला सांगितला. पप्पांना चहाचा कप दाखवला. "ये क्या है?"

"हो."

"चाय पिना है?" हो. "नै पिना?" हो. आईकडे बोट, "ये कौन?" हो.

मला बाहेर घेऊन गेल्या. "बुरा नक्को मानो जी. ये आदत का बोलना है. किसीकू गिनती आती, किसीकू भजन. जन्मभर बोले ना, वो अलग जगह पे रहता. तोता बोलता ना, वैसा. इसकू बात करना नै बोलते."

"पण रंग बरोबर सांगतात!"

"बोलते. मगर अपने मन का कुछ बोले क्या?"

नाही बोलले. कॉम्प्युटर बंद केला की पुन्हा तेच. संध्याकाळी मी एकटीनेच पुन्हा विचारून बघितलं. पुण्याला जायचंय? हो. इथेच राहायचंय? हो.

संपलं. पोपट तर पोपट.

३० सप्टेंबर, मंगळवार

गेम लावते, बाजूला बसते, परत म्हणते. त्यांना बरं वाटत असेल एवढंच. मला आता काही वाटत नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार

धम्मचक्र प्रवर्तन दिन. आईने पप्पांना पांढरा सदरा घातला, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, वंदना म्हटली. दुपारी संघा आला. नातवाने काढलेलं चित्र आणलंय आजोबांना — इंजिन, आणि त्याला चुकून मोटारीची चाकं.

संघाला गेम दाखवला. "डिस्टंट... ग्रीन," पप्पा म्हणाले. मी परत म्हटलं. संघा उठून गॅलरीत गेला. बराच वेळ आत आला नाही. आला तेव्हा नाक पुसत म्हणाला, "हा कॉम्प्युटर पुण्याला नेऊ, ताई. मी नवीन डबा घेतो ह्याला. मोठा. टेबलफॅन नको लावायला."

चांगला आहे तो. तेच तर अवघड आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

पप्पांचं कपाट आवरायला घेतलं. निळे सदरे, रेल्वेचा हिरवा-लाल झेंडा, इंजिनात न्यायचा पत्र्याचा डबा. आई म्हणाली, "झेंडा घ्यायचा का ठिवायचा?" ती घडी घालून बसली, मग उलगडून पुन्हा घडी घातली.

मला अंबरपेठेत एक खोली बघायला हवी.

गिऱ्हाईक उद्या कागद घेऊन येणार. मी उद्या काही बोलणार नाही. संघा विचारेल, पप्पा हो म्हणतील, अंगठा उठेल. मॅडम म्हणतात तोता. असेल. गाडी पळते आणि सिग्नल डोक्यावर आल्यावर दिसतो, आणि दिसला की गेलाच मागे.

५ ऑक्टोबर, रविवार

कागद आणि शाईचं पॅड घेऊन संघा पप्पांजवळ बसला. उजवीकडच्या स्टुलावर — तेवढंच रिकामं होतं. कॉम्प्युटर बंद. "पप्पा, पुण्याला चलायचं ना?"

पप्पांनी कागदाकडे बघितलं. मग संघाकडे.

"रेड."

"काय?"

"रेड!" डावा हात टेबलावर दाबलेला, गाडी थांबवताना दाबतात तसा. आणि थांबले. वाट बघत.

माझं तोंड उघडलं होतं. आईने माझा दंड धरला. परत म्हणायचं काम माझं नव्हतं, त्या स्टुलावर बसलेल्याचं होतं.

गिऱ्हाईक एकदा पप्पांकडे, एकदा संघाकडे बघत होतं. संघाने शाईच्या पॅडचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाला,

"रेड."